परवडत नाही, म्हणजे नेमकं काय?

बारावी वाणिज्यच्या वर्गाला मी २२ वर्षं विम्याची तत्त्वं शिकवते आहे. परम विश्वासाचं तत्त्व, विमायोग्य हितसंबंधाचं तत्त्व, नुकसानभरपाईचं तत्त्व... मुलं यादी पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरून जातात. त्या यादीत एक 'नुकसान कमी करण्याचं तत्त्व' असतं. विमा उतरवलेल्या माणसाने आपल्या वस्तूची काळजी, विमा नसता तर जशी घेतली असती तशीच घ्यावी, असं ते सांगतं. वर्गात माझं उदाहरण ठरलेलं आहे. गोदामाला आग लागली तर 'विमा आहे ना' म्हणून मालकाने हाताची घडी घालून बघत बसायचं नाही, बादली घेऊन धावायचं. मुलं हसतात, कारण कुणी बघत बसेल असं त्यांना वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात हे तत्त्व माझ्यासमोर उलटं येऊन उभं राहिलं. विमा असून नसल्यासारखा झाला आणि मी बादली घेऊन किती लांब धावणार, हे माझं मलाच ठरवायचं होतं.

भुरी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेल्या पाच पिल्लांपैकी एक. आठ वर्षांपूर्वीच्या पावसात माझ्या मुलीने तिला दप्तरात घालून वर आणलं. मुलगी तेव्हा सातवीत होती. 'फक्त पाऊस थांबेपर्यंत' अशी बोली होती. सासूबाईंनी आठवडाभर त्या पिल्लाकडे पाहिलंसुद्धा नाही आणि नवव्या दिवशी त्याच्यासाठी दूधभात कालवताना सापडल्या. जात विचारलीत तर गावठी. हल्ली 'इंडी' म्हणतात, त्याने भुरीला काही फरक पडला नाही.

चार वर्षांची असताना तिला गोचीड ताप झाला. आपल्याकडच्या कुत्र्यांना हा सर्रास होतो. गोचिडीतून जंतू रक्तात जातात, ताप येतो, प्लेटलेट्स उतरतात. महिनाभर गोळ्या दिल्यावर ती बरी झाली, आणि त्या खर्चाने शहाणे होऊन आम्ही पुढच्या वर्षी तिचा विमा उतरवला. वर्षाला चार हजारांच्या आत हप्ता, इस्पितळातल्या उपचारांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत मर्यादा. अर्जात प्राण्याची किंमत लिहायचा रकाना होता. पार्किंगमध्ये सापडलेल्या कुत्रीची किंमत काय लिहायची म्हणून मी अडले, तर एजंट म्हणाला, "पाच हजार टाका मॅडम, रिकामं ठेवून चालत नाही." मी टाकले. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर गेला की स्कूटर 'टोटल लॉस'मध्ये काढतात, हे मी दर वर्षी शिकवते. त्या रकान्यात पाचावर तीन शून्यं लिहिताना ते माझ्या मनात आलं नाही असं नाही.

आधीचा आजार विचारला होता तिथे 'टिक फीव्हर, पूर्ण बरी' असं मी खरं तेच लिहिलं. परम विश्वासाचं तत्त्व शिकवणारी बाई दुसरं काय लिहिणार!

जुलैत भुरी खूप पाणी प्यायला लागली. आम्हाला वाटलं, उकाडा आहे. मग खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला एक आंबूस-उग्र वास येऊ लागला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ७.२. ते दीडच्या आसपास असायला हवं होतं. मूत्रपिंडाचा दुष्टपणा असा की सुमारे तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत तो रक्ताच्या तपासणीत हा आकडा फारसा हलू देत नाही. उरलेला चौथा हिस्सा मुकाट्याने सगळ्यांचं काम ओढत राहतो. आपल्याला दिसतं तेव्हा बरंचसं होऊन गेलेलं असतं. डॉक्टरांनी हे आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. बाई तरुण होत्या, घाई करत नव्हत्या. चार दिवस दाखल करून शिरेतून सलाईन द्यायचं ठरलं. त्याचे ४६,३०० रुपये झाले. आकडा ५.४ वर आला, भुरीने दोन घास खाल्ले, आम्ही तिला घरी आणलं आणि मी क्लेमची फाइल तयार केली.

फाइल माझ्या स्वभावाला साजेशी होती. आठ वर्षांतला एक कागद हरवलेला नव्हता. लशींचं पुस्तक, जुने केस पेपर, सगळ्या तपासण्या, अनुक्रमणिकेसह. नवव्या दिवशी क्रिएटिनिन पुन्हा चढून ८.१ झालं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेल आला. मीच जोडलेल्या, गोचीड तापाच्या वेळच्या एका कागदावर लघवीत प्रथिनं सापडल्याची नोंद होती. नावापुढे दोन अधिकची चिन्हं. म्हणजे मूत्रपिंडाचा विकार पॉलिसीच्या आधीपासूनचा, आणि आधीपासूनचा आजार पॉलिसीत बसत नाही. क्लेम नामंजूर.

मी तो मेल चार वेळा वाचला. शिक्षिकेच्या डोळ्यांनी वाचला तेव्हा त्यात ढोबळ चूक सापडली नाही. ताण दिला होता, हे खरं. तापात लघवीत प्रथिनं जातात आणि ताप उतरला की थांबूही शकतात, त्यावरून चार वर्षांनंतरचा आजार जोडणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. पण गोचीड तापाने मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते, हेही तितकंच खरं. निकटतम कारणाचं तत्त्व शिकवताना मी फळ्यावर बाणांची साखळी काढते. इथे साखळीतल्या मधल्या कड्या कुणालाच दिसत नव्हत्या, आणि जे दिसत नाही ते ज्याच्या हातात पैसे असतात त्याच्या बाजूने वाचलं जातं.

नवरा म्हणाला, डॉक्टरांकडून एक पत्र आणू, की तेव्हाची प्रथिनं तापामुळे होती, नंतर सगळं ठीक होतं. मी गेले. डॉक्टरांनी जुना कागद नीट पाहिला. म्हणाल्या, "तापामुळे असण्याची शक्यता आहे, असं मी लिहीन. नक्की तापामुळेच होती असं नाही लिहिता येणार. नंतर लघवी तपासलेलीच नाहीये ना आपण." मी मान डोलावली. इथे एक गोष्ट कबूल करते. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. एका 'नक्की' या शब्दाचे ४६,००० रुपये होते, त्यांच्या खिशातून काही जाणार नव्हतं, आणि कंपनी म्हणजे काही माणूस नव्हे. मला त्यांनी खोटं लिहायला हवं होतं, फक्त मला ते तोंडाने मागायला लागू नये एवढीच इच्छा होती. वर्गात मी परम विश्वास शिकवते तेव्हा तो 'दोन्ही पक्षांनी' पाळायचा असतो असं अधोरेखित करून सांगते. 'शक्यता आहे' असं लिहिलेलं पत्र घेऊन मी बाहेर पडले आणि रिक्षात बसेपर्यंत माझा राग ओसरून त्याच्या जागी लाज आली होती.

पण खरा प्रश्न ४६,३०० चा नव्हताच. ते पैसे गेले होते. पुढचा उपाय डायलिसिसचा होता. त्यासाठी मुंबईला न्यायचं, मानेच्या शिरेत नळी बसवायची, तीन-चार वेळा रक्त शुद्ध करायचं, मधल्या दिवसांत तिथेच राहायचं. डॉक्टरांनी फोन करून अंदाज काढून दिला, १,८०,००० रुपये. मूत्रपिंडाला ताजा धक्का बसला असेल तर त्या अवधीत ते सावरू शकतं. झीज जुनी असेल तर डायलिसिस थांबलं की आकडा पुन्हा वर. यातलं भुरीचं कुठलं? "दोन्हीचं मिश्रण वाटतं," त्या म्हणाल्या. "सोनोग्राफीत मूत्रपिंडं आक्रसलेली दिसताहेत, म्हणजे जुनं जास्त."

मग नवऱ्याने ते वाक्य उच्चारलं. "आम्हाला परवडणार नाही हो डॉक्टर. इन्शुरन्सनेही नाकारलंय."

त्यांनी मान डोलावली. हे वाक्य त्या रोज ऐकत असणार. घरी येताना आम्ही दोघंही गप्प होतो, आणि माझ्या डोक्यात सवयीने बेरीज चालू होती. समजा कंपनीने क्लेम मंजूर केला असता. मर्यादा ५०,०००. त्यातले ४६,३०० पहिल्याच बिलात संपले. उरले ३,७००. डायलिसिसचे बाकीचे १,७६,३०० रुपये आमचेच जाणार होते. म्हणजे कंपनी हो म्हणाली असती तरी त्या टेबलासमोर बसून आम्हाला ठरवायचं होतं ते तसंच्या तसं शिल्लक राहत होतं. आणि तरीही पुढचे दोन आठवडे आम्ही सगळ्यांना एकच सांगत होतो, इन्शुरन्सने नाकारलं.

लोकांनी कंपनीला शिव्या दिल्या. शेजारच्या काकूंनी त्यांच्या यजमानांच्या बायपासच्या वेळची कथा सांगितली. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, हे सगळे चोर आहेत. मला त्यात फार बरं वाटत होतं. त्या नकारपत्राने आमच्यावर मोठे उपकार केले होते. आमच्या निर्णयाला त्याने दुसऱ्याचं नाव दिलं होतं.

'परवडत नाही' हे मराठीतलं फार सोयीचं क्रियापद आहे. त्यात कर्ता गायब होतो. मी देत नाही, असं नसतं. मला परवडत नाही, असं असतं, जणू हवेतून थंडी आली. खरोखर परवडत नसलेल्या माणसांना हे वाक्य बोलायचा अधिकार आहे, आणि त्यांच्या तोंडून ते चोरून आम्ही वापरलं. कारण बँकेत आमची साडेतीन लाखांची मुदत ठेव होती. तिच्यावर मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी आणि वसतिगृह, आणि सासूबाईंचा मोतीबिंदू, अशी नावं घातली होती, पण पैसे होते. आदल्या डिसेंबरात आम्ही केरळला गेलो तेव्हा १,६२,००० रुपये झाले होते. त्या आकड्याला कुणी 'परवडत नाही' म्हटलं नव्हतं. हाउसबोटीत नाश्त्याला पुट्टू होता, एवढंच आता आठवतं.

माझ्या आजोळी, कोरेगाव तालुक्यात, आजोबांचा एक बैल विहिरीच्या उतारावर घसरून मांडीत मोडला. मी दहा वर्षांची असेन. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी हात फिरवून पाहिला आणि आजोबांना बाजूला नेलं. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. पण अपराधी झाल्याचं काही त्यांच्या चेहऱ्यावर मला आठवत नाही. दुःख होतं, नुकसान होतं, ऐन पेरणीच्या तोंडावर जोडी मोडली होती. उपायच नव्हता म्हणून अपराधही नव्हता. पुढे गावात गुरांचा विमा आला. कानात बिल्ला मारून मिळायचा, आणि बिल्ला पडला तर पैसे नाहीत असा त्याचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. तो विमा जनावर मेलं की मिळायचा, त्याला वाचवायला नाही. त्यात काहीतरी सरळपणा होता असं आता वाटतं. त्याने कुणाला आशा विकली नाही.

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. उपाय हरले होते. गांधीजींनी आपल्या समोर डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववलं आणि मरण दिलं. त्यावरून गुजरातेत केवढा गहजब झाला! अहिंसेचा माणूस गोहत्या करतो, म्हणून पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांनी 'नवजीवन'मध्ये लिहून आपली बाजू मांडली. वासराच्या वेदना थांबवणं हीच तिथे अहिंसा, अशी. त्या वादाबद्दल मी पूर्वीही वाचलं होतं. या वेळी मला त्यात एक गोष्ट नव्याने दिसली. त्या वासराबाबत प्रश्न होता तो वेदना आणि मरण यांच्यात. आमच्या काळाने त्यात तिसरं पान टाकलं आहे, दरपत्रकाचं. उपाय आहे, अमुक शहरात आहे, अमुक रुपयांना आहे, आणि यशाची शक्यता कुणी सांगत नाही. जनावरांचं वैद्यक जसजसं माणसांच्या वैद्यकाजवळ सरकतंय, तसतसे आपण एका अशा अपराधाचे धनी होतोय जो आजोबांना करताच आला नसता.

धर्मराजाचं उदाहरण घरात निघणारच होतं. ते सासूबाईंनी काढलं. सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला तो तयार झाला नाही. मी त्यांना काही बोलले नाही, पण मनात आलं, धर्मराजाच्या बाकीच्यांचं काय झालं होतं? द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेतच पडले होते. मागे वळून पाहायला कुणी उरलं नव्हतं. जो स्वर्ग तो पणाला लावत होता तो त्याचा एकट्याचा होता. मुलीच्या फीचे पैसे त्यात नव्हते. अर्थात हा युक्तिवाद माझ्या सोयीचा होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या धाकट्या दिरांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा, महात्मा फुले योजनेत होतं, त्यामुळे उपचाराचे पैसे लागत नाहीत. पण जायचं-यायचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत बसणाऱ्याचा दिवस हे कुठल्या योजनेत नसतं. त्या झाडू मारत असताना मी फोनवर मुंबईच्या केंद्राशी बोलत होते आणि 'डायलिसिस' हा शब्द उच्चारताना माझा आवाज आपोआप खाली गेला. मावशींना भुरी कधीच आवडली नव्हती. केस पडतात, अंगावर येते, ही त्यांची रास्त तक्रार. त्यांनी फोन ऐकला होताच. म्हणाल्या, "कुत्र्याचं पण करतात व्हय?" मी हो म्हटलं. त्या जरा वेळ झाडत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी दर बारीला म्हणतात आता नगं. सुई टोचायच्या आधी म्हणतात, घरी आल्यावर दोन दिवस नाही म्हणत." आणि कोपऱ्यातला केसांचा पुंजका उचलून बाहेर गेल्या.

त्यांनी मला उपदेश करायला हे सांगितलं नव्हतं. पण मी त्याला चिकटून राहिले. दिरांना 'आता नको' म्हणता येतं, आणि दोन दिवसांनी ते मागेही घेता येतं. पुढच्या दिवाळीसाठी आजची सुई सोसायची, हा सौदा ज्याला पुढची दिवाळी माहीत आहे त्यालाच करता येतो. भुरीला मुंबई माहीत नव्हती, पिंजरा माहीत नव्हता, तिच्या सोसण्याच्या बदल्यात काय मिळणार आहे हे तिला सांगायची भाषा आमच्याकडे नव्हती. त्या चार दिवसांच्या मुक्कामातही ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा मी मुद्दाम काढून वाचला. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या क्षेमासाठी वाजवी ते सगळं करावं आणि अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत, असं कर्तव्य त्यात सांगितलं आहे. (मोडलं तर पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. भुरीच्या एका सलाईनच्या बाटलीचा हिशोब त्याच्या वर जातो.) आयुष्य लांबवलंच पाहिजे असं त्यात नाही. वेदनेबद्दल आहे. मला हा भेद पटतो, अजूनही पटतो. वेदना कमी करणं हे आपलं देणं आहे, तिथे 'परवडत नाही'ला जागा नाही. निदान ज्याच्याकडे मुदत ठेव आहे त्याच्यासाठी तरी नाही. दिवस वाढवणं हे तितक्या सक्तीचं देणं नाही, विशेषतः ते दिवस कुणाला हवे आहेत हेच धड सांगता येत नसेल तेव्हा.

पण मग स्वतःला विचारते, डायलिसिस १८,००० ला असतं तर? तर आम्ही नेलं असतं. पिंजरा, नळी, भिंतीकडे तोंड, सगळं तेच असूनही नेलं असतं, आणि 'शेवटपर्यंत प्रयत्न केला' असं म्हणालो असतो. म्हणजे भुरीच्या हिताचा तो सगळा युक्तिवाद किमतीच्या मागून आला होता. मागून आला म्हणून तो खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही. योग्य निर्णय चुकीच्या कारणासाठी घेतला जाऊ शकतो. फक्त कारण कुठलं होतं ते आपल्यापुरतं तरी खरं ठेवावं.

आम्ही तिला घरी ठेवलं. डॉक्टरांनी मला कातडीखालून सलाईन द्यायला शिकवलं. बाटली पडद्याच्या दांडीला अडकवायची, खांद्यावरची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, आणि तंबूच्या दारातून सुई आत. पहिल्या दिवशी माझा हात इतका थरथरत होता की सुई एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि सगळं पाणी गादीवर. तिसऱ्या दिवसापर्यंत जमलं. पाण्याचा एक फुगा खांद्यावर यायचा आणि संध्याकाळपर्यंत ओघळून पुढच्या पायाकडे उतरायचा, मग ती एका बाजूला जड असल्यासारखी चालायची. मुलगी नागपूरहून व्हिडिओ कॉल करायची तेव्हा आम्ही भुरीला फुगा नसलेल्या बाजूने दाखवायचो. उलटी थांबवायची गोळी, खाण्यात मिसळायची पावडर, तोंडातल्या फोडांना लावायचं औषध. ती उन्हाचा तुकडा शोधून बाल्कनीत पडायची. सासूबाई दूधभात कालवायच्या आणि ती वास घेऊन मान फिरवायची, त्यांच्यासाठी म्हणून एखादं शीत चाटायची. असे ३३ दिवस गेले. या ३३ दिवसांना खर्च फार आला नाही. ज्याला 'काहीच केलं नाही' म्हणता येईल आणि ज्याला 'सगळं केलं' म्हणता येईल, त्यांच्या मधला हा प्रदेश एवढा मोठा आणि एवढा स्वस्त असेल हे मला माहीत नव्हतं.

चौतिसाव्या दिवशी डॉक्टर घरी आल्या. आधी गुंगीचं, मग दुसरं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मुलगी त्यासाठी येऊ शकली नाही, परीक्षा होती. मधे एकदा ती फोनवर म्हणाली होती, "माझ्या फीचे वापरा. मी एज्युकेशन लोन काढते." मी तिला म्हटलं, अगं, प्रश्न तेवढाच नाही, इन्शुरन्सनेच नाकारलं ना, नाहीतर नेलंच असतं. 'नाहीतर नेलंच असतं' हे मी जास्तीचं जोडलं. ती रडली आणि कंपनीवर चिडली. त्या दिवशी कंपनी फार उपयोगी पडली.

नवऱ्याने आता विमा लोकपालांकडे जायचं काढलं आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहायचं, तीस दिवस वाट पाहायची, समाधान झालं नाही तर वर्षाच्या आत लोकपालांकडे. कार्यालय इथेच नारायण पेठेत आहे, शुल्क लागत नाही. डॉक्टरांचं 'शक्यता आहे' हे पत्र आमच्याकडे आहे आणि मला वाटतं त्या पत्राला वजन मिळू शकेल. चार वर्षांपूर्वीच्या दोन चिन्हांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं योग्य नव्हतं, हे माझं मत अजून कायम आहे. ४६,३०० रुपये आमचे निघत असतील तर ते मागायला मला संकोच नाही. अर्ज मी भरून ठेवला आहे.

दिवाळीच्या सुटीत मुलगी आली. अर्जाला जोडायच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला तिनेच फाइल घेतली. जेवणाच्या टेबलावर पसरून ती एकेक पान चाळत होती. पॉलिसीचं पान, मग बिल, मग मुंबईचा अंदाज. ती माझीच मुलगी, बेरीज तिने डोक्यातच केली असणार. मी भाजी चिरत होते. तिने पॉलिसीचं पान परत काढलं, मर्यादेच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आई, म्हणजे त्यांनी पैसे दिले असते तरी...?"

"नसतं नेलं," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने कागद पुन्हा अनुक्रमणिकेप्रमाणे लावले, फाइल बंद केली आणि विचारलं की झेरॉक्स दोन प्रती काढायच्या की तीन.